तपकिरी कोळशातली अम्ले



गेले काही दिवस ह्या मांडवात आपण संतवाङ्मय, नाटक, अर्थकारण असे विषय ऐकत आहात. आज तुमच्या वाट्याला कोळसा आला आहे. चालकांनी विषय कळवा म्हटले तेव्हा मी 'कमी प्रतीच्या कोळशातून काढलेल्या सेंद्रिय अम्लांचे रासायनिक पृथक्करण' असे नाव लिहून पाठविले. त्यांचा उलट निरोप आला, की एवढे नाव फळ्यावर मावत नाही आणि मावले तरी ते वाचून कोणी येणार नाही. तेव्हा नाव आखूड केले. विषय मात्र तोच ठेवला आहे, आणि तो का ठेवला हे आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले. हातात पिशवी, पिशवीत काळ्या द्रवाची एक बाटली आणि दोन कागद. बाटलीवर 'ह्यूमिक ॲसिड' असे लिहिलेले होते आणि खाली टक्केवारी होती. आपल्यापैकी जे शेती करतात त्यांना ही बाटली ठाऊक आहे. ठिबकाच्या नळीतून ती बागेला सोडतात. ह्या गृहस्थांनी सोसायटीचे कर्ज काढून तो माल घेतला होता आणि मनात शंका आली म्हणून दोन ठिकाणी तपासून आणला होता. एका कागदावर बाटलीवरचाच आकडा होता, दुसऱ्या कागदावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. "सर, माल एक, बाटली एक. मग ह्यातलं खोटं कोण बोलतंय?" असे त्यांनी विचारले. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकविले, पण त्या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता येईना. आजचे व्याख्यान म्हणजे त्यांना द्यायचे राहिलेले लांब उत्तर आहे. ते समोरच बसले आहेत. मी कुठे पळवाट काढली तर ते उठून विचारतील अशी मला भीती आहे.

आता ह्या टेबलाकडे पाहा. येथे दोन काचेच्या बरण्या आहेत. दोहोंत मी काल रात्री कॉस्टिक सोड्याचे पातळ पाणी घातले. पहिलीत आपल्या चंद्रपूरकडच्या दगडी कोळशाची भुकटी टाकली, दुसरीत लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची. पहिलीतले पाणी जवळजवळ होते तसेच आहे, फार तर किंचित पिवळसर. दुसरीतले मात्र उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखे दिसते आहे. तरुण कोळसा आणि जुना कोळसा ओळखण्याची ही फार जुनी, साधी आणि आजही उपयोगी पडणारी परीक्षा आहे.

'कमी प्रतीचा' हा शब्द थोडा अन्यायाचा आहे. त्याचा अर्थ वाईट असा नसून कोवळा असा आहे. झाडपाला दलदलीत पडतो, पाण्याखाली कुजत कुजत त्याचे पीट होते, त्यावर गाळाचे ओझे चढले की लिग्नाइट होते, आणखी दाब, उष्णता आणि काळ मिळाला की दगडी कोळसा, आणि शेवटी अँथ्रासाइट. वाळलेल्या लाकडात कर्ब साधारण निम्मा असतो. अँथ्रासाइटमध्ये, राख वगळली तर, नव्वद टक्क्यांहून अधिक. ह्या वाटचालीत प्राणवायू आणि हायड्रोजन गळत जातात. लिग्नाइट हा अर्ध्या वाटेवरचा प्रवासी. त्याच्या अंगात लाकडाचा प्राणवायू अजून पुष्कळ शिल्लक असतो आणि पाणीही. तामिळनाडूत नेयवेलीला 1930 च्या दशकात विहिरीसाठी बोअर घेताना जो काळा पदार्थ वर आला आणि ज्यावर पुढे 1956 साली सरकारी कंपनी उभी राहिली, त्या लिग्नाइटमध्ये खाणीतून काढताना जवळजवळ निम्मे पाणीच असते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्याकडेही जांभ्याखालच्या मातीत लिग्नाइटचे पातळ थर आढळतात.

हा जो उरलेला प्राणवायू, तोच आजच्या कथेचा नायक. तो बराचसा दोन प्रकारच्या गटांत बसलेला असतो. एक कार्बोक्सिल गट. हा चिंचेच्या, लिंबाच्या, व्हिनेगरच्या अम्लात असतो तोच. दुसरा फिनॉलचा गट, त्याहून पुष्कळ सौम्य. हे दोन्ही गट अम्लधर्मी आहेत, म्हणून सोड्याशी त्यांची गाठ पडली की लवण बनते आणि ते पाण्यात उतरते. दगडी कोळशातून हे गट बहुतेक निघून गेलेले असतात. म्हणून पहिली बरणी कोरडी राहिली.

आता ह्या काळ्या पाण्यातले थोडे मी परीक्षानळीत घेतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक अम्लाचे थेंब टाकतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल: पाणी फाटल्यासारखे होते आहे, दूध नासते तसे. तपकिरी कण धरू लागले आहेत. नळी ह्या घोडीवर उभी ठेवतो. साका बसायला वेळ लागेल, तोवर आपण बोलू.

हा प्रयोग पहिल्यांदा केला फ्रान्झ कार्ल आखार्ड ह्या जर्मन रसायनज्ञाने, 1786 साली, पीट घेऊन. साखर कारखान्यांच्या आपल्या मुलुखात ह्या गृहस्थांची दुसरी ओळख सांगायला हवी: बीटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना सायलेशियात ह्यांनीच घातला. पुढे 1822 साली डबराइनर ह्यांनी ह्या तपकिरी पदार्थाला ह्यूमसचे अम्ल असे नाव दिले. ह्यूमस म्हणजे लॅटिन भाषेत माती. त्या काळी समज असा, की झाड मातीतला ह्यूमस खाऊनच वाढते. 1840 साली लीबिग ह्यांनी पुस्तक लिहून ह्या समजाचा जाहीर समाचार घेतला: झाडाला कर्ब मिळतो तो हवेतून. म्हणजे ह्यूमिक अम्ल हे झाडाचे जेवण नव्हे, हे ठरून पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. तरी काही जाहिरातींत ते अजून ताटातच वाढलेले असते. असो.

नाव मिळाले, पण वस्तू काय आहे ते कळेना. साखर घ्या, मीठ घ्या, त्याचे स्फटिक होतात, वितळण्याचा ठराविक बिंदू असतो. ह्या तपकिरी साक्याचे स्फटिक कधी झाले नाहीत. तापविला तर वितळत नाही, करपतो. शुद्ध झाला आहे की नाही हे ओळखण्याची जी रसायनज्ञाची नेहमीची साधने, ती सगळी येथे बोथट ठरतात. मग उरते एकच: काढण्याची रीत कडक ठेवायची आणि त्या रीतीने जे येईल त्याला नाव द्यायचे. सोड्यात विरघळते आणि अम्लात साका होऊन बसते ते ह्यूमिक अम्ल. अम्लातही विरघळलेलेच राहते ते फुल्विक अम्ल. हे नाव 1919 मध्ये स्वीडनच्या ओडेन ह्यांनी दिले. साक्यातला जो भाग अल्कोहोलात उतरतो त्याला होप्पे-सायलर ह्यांनी 1889 साली हायमॅटोमेलॅनिक अम्ल म्हटले. लक्षात घ्या, ही पदार्थांची नावे कमी आणि आपल्या कृतीची नावे जास्त आहेत. स्ट्रेप्टोमायसिनमुळे ज्यांचे नाव घरोघर झाले ते वॅक्समन हे मूळचे मातीचे अभ्यासक. 1936 सालच्या आपल्या ह्यूमसवरील ग्रंथात त्यांनी ह्याच मुद्द्यावर ह्या नावांची झडती घेतली आहे.

रीत कडक ठेवायची म्हणजे काय, हे मला स्वतःला एका फजितीतून कळले. एम. एस्सी.ला असताना मला लिग्नाइटमधले ह्यूमिक अम्ल मोजण्याचे काम दिले होते. कृती अशी: आधी भुकटी सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने धुवायची, कारण कोळशातल्या कार्बोक्सिल गटांना कॅल्शियम, लोह वगैरे धातू चिकटलेले असतात आणि कॅल्शियमचे ह्यूमेट सोड्यात नीट उतरत नाही. मग दशांश नॉर्मल सोडा घालून चंबू हलवीत ठेवायचा, चंबूत हवेऐवजी नत्रवायू भरून. नंतर गाळ वेगळा करून अम्ल घालायचे, साका धुवायचा, सुकवायचा, तोलायचा. त्या आठवड्यात नत्राची टाकी संपली होती. शनिवारी दुपारी गावी जाणारी एस. टी. पकडायची होती. मी चंबू तसाच, तोंड उघडे ठेवून, सोमवारपर्यंत सोडून दिला.

सोमवारी साका तोलला तर आधीच्या खेपेपेक्षा पुष्कळच जास्त! मी आनंदाने वही घेऊन प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी आकडा पाहिला, टाकीची चौकशी केली आणि शांतपणे विचारले, "हे अम्ल कोळशात होतं, की तुझ्या चंबूत झालं?" मला त्या वेळी प्रश्नच नीट कळला नाही. पायरोगॅलॉल सोड्यात घातला की तो हवेतला प्राणवायू अधाशासारखा शोषतो. वायूंच्या पृथक्करणात आपण त्याचा उपयोगच करतो. लिग्नाइटमधले फिनॉलगट हे त्याचेच भाऊबंद. दोन दिवस सोडा आणि हवा ह्यांच्या संगतीत राहून कोळशाचे ऑक्सिडीकरण झाले होते, आणि जे मुळात सोड्यात उतरणारे नव्हते तेही उतरले होते. मी अम्ल शोधले नव्हते, तयार केले होते. त्या प्रकरणाची पाने मला वहीतून खोडावी लागली. पण प्राध्यापकांचा तो प्रश्न काही खोडला गेला नाही. पुढे आयुष्यात कोणतेही पृथक्करण वाचताना तो प्रथम मनात येतो.

निसर्गही हाच उद्योग सावकाशीने करीत असतो. लिग्नाइटचा थर जमिनीच्या पृष्ठाजवळ आला, त्याला हवापाणी लागले, की त्यातले अम्लगट वाढतात. अमेरिकेत नॉर्थ डकोटात असा झिजलेला लिग्नाइट पुष्कळ आहे. तेथील भूवैज्ञानिक लिओनार्ड ह्यांच्यावरून त्याला लिओनार्डाइट म्हणतात. बाजारातला बराचसा ह्यूमिक माल अशाच मालापासून केलेला असतो. ह्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, ती 1981 मध्ये स्थापन झाली, लिओनार्डाइटपासून काढलेले ह्यूमिक अम्ल प्रमाण नमुना म्हणून ठेवले आहे. राख वगळून त्यात कर्ब सुमारे 64 टक्के, प्राणवायू 31, हायड्रोजन 4 हून थोडा कमी, आणि नत्र व गंधक एक-एक टक्क्याच्या आसपास.

हे झाले मूलद्रव्यांचे हिशेब. त्यापेक्षा अवघड काम पुढेच आहे. अम्लगट किती, हे मोजायचे कसे? शाळेतल्या मुलांना आपण अनुमापन शिकवितो: ब्यूरेटमधून सोडा सोडा, फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झाले की थांबा. येथे पात्रात शाई आहे. शाईत गुलाबी रंग दिसायचा कसा? विद्युत्‌मापकाने पीएच पाहू म्हणावे, तर आलेख एखाद्या ठिकाणी टुणकन उडी मारीत नाही. सबंध वाटभर हळूहळू चढत राहतो. कारण गट एका जातीचे नाहीत. कोणी तीव्र, कोणी सौम्य, कोणी मधला. शिवाय आज वाचलेला आकडा अर्ध्या तासाने सरकलेला असतो, कारण घट्ट कणांच्या आत सोडा शिरायला वेळ लागतो.

ह्यावर जुन्या मंडळींनी काढलेली तोड मला फार आवडते. ह्यूमिक अम्लाची तोललेली चिमूट कॅल्शियम ॲसिटेटच्या द्रावणात घालून दिवसभर ठेवायची. कॅल्शियम ॲसिटेट म्हणजे कॅल्शियम आणि व्हिनेगरमधले अम्ल ह्यांची जोडी. ह्यूमिक अम्लाचे कार्बोक्सिल गट ही जोडी फोडतात. कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेतात आणि व्हिनेगरचे अम्ल मोकळे पडते. काळा पदार्थ गाळणीवर राहिला, खाली आले ते मोकळे अम्ल, आता त्याचे अनुमापन खुशाल करा. दुसऱ्या चिमटीला बेरियम हायड्रॉक्साइड देतात. ते तीव्र असल्यामुळे फिनॉलगटही त्याला दाद देतात. पहिले वजा केले की फिनॉलगटांचा आकडा मिळतो. बेरियमचे पाणी हवेतला कर्बवायू शोषून दुधाळ होते, म्हणून तेथेही नत्रवायू हवाच. ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. वजाबाकीने काढलेल्या आकड्यात दोन्ही मापनांच्या चुका गोळा होतात, हे दुकानदारालाही कळते. पण एवढ्याशा साधनांत शाईचे पोट उघडून दाखविणारी ती युक्ती आहे.

मग आकडे काय येतात? कोळशातल्या ह्यूमिक अम्लाच्या एका ग्रॅमला कार्बोक्सिलचे 3 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट. तुलना सांगतो: व्हिनेगरमधल्या शुद्ध अम्लाच्या ग्रॅमला हा आकडा सुमारे 17 असतो. म्हणजे आपला काळा पदार्थ अम्ल आहे खरा, पण त्याच्या अंगाचा मोठा भाग अम्लाखेरीज दुसराच काहीतरी आहे. तो काय?

ते पाहण्यासाठी घर पाडून विटा मोजाव्या लागतात. पर्मँगनेटने जबर ऑक्सिडीकरण करायचे आणि ढिगाऱ्यात काय सापडते ते बघायचे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात बोन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 1930 च्या दशकात लिग्निनपासून कोळशापर्यंतची सगळी मालिका अशी पाडून पाहिली. ढिगाऱ्यात मिळाली ती ऑक्झॅलिक अम्ल आणि बेंझीनच्या वलयाला अनेक कार्बोक्सिल गट लागलेली अम्ले. बेंझीनची वलये ह्या त्या विटा.

ह्या ठिकाणी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जर्मनीत थुरिंगियामधल्या आर्टर्न येथे लिग्नाइटच्या थरात मधाच्या रंगाचे सुंदर स्फटिक सापडत. त्यांना मधुपाषाण म्हणावे असेच जर्मन नाव पडले होते. 1799 साली क्लाप्रोट ह्यांनी, ज्यांनी युरेनियमचा शोध लावला तेच हे, त्या स्फटिकांचे पृथक्करण केले आणि सांगितले की हे एका नव्या अम्लाचे ॲल्युमिनियमबरोबरचे लवण आहे. ते मेलिटिक अम्ल. त्याची रचना सत्तर वर्षांनी, 1870 साली बायर ह्यांनी उलगडली: बेंझीनचे एक वलय आणि त्याच्या सहाही कोपऱ्यांना एकेक कार्बोक्सिल! कोळसा तीव्र नत्राम्लाने पोखरला तर आपल्याला प्रयोगशाळेत हेच अम्ल मिळते. जे बोन ह्यांनी पर्मँगनेटने पाडून काढले त्याच कुळातला एक खडा निसर्गाने आधीच घडवून, स्फटिक करून, कोळशाच्या कुशीत ठेवलेला होता. सगळ्या काळ्या गोंधळात स्वच्छ ओळख पटणारा असा तो एकटाच.

विटा कळल्या तरी घराचा नकाशा कळत नाही. ह्यूमिक अम्लाचा रेणुभार मोजणाऱ्यांनी काही शेकड्यांपासून काही लाखांपर्यंतचे आकडे दिले आहेत. 1999 मध्ये इटलीत काँटे आणि पिकोलो ह्यांनी दाखविले, की द्रावणात थोडे साधे सेंद्रिय अम्ल घातले तरी हे प्रचंड भासणारे रेणू लहान होतात. म्हणजे ती एकसंध इमारत नसून लहान लहान रेणूंची गर्दी असावी. 2015 साली लेमान आणि क्लेबर ह्यांनी तर मातीच्या बाबतीत मूळ रीतीवरच बोट ठेवले: सोड्याने काढलेला हा पदार्थ मातीत त्या रूपात असतो असे धरणेच चूक आहे. म्हणजे माझ्या प्राध्यापकांचाच प्रश्न, जरा मोठ्या व्यासपीठावरून. ह्या वादात मला स्वतःला असे वाटते, की मातीबद्दलची त्यांची हरकत बरीचशी खरी आहे. लिग्नाइटचे प्रकरण थोडे निराळे. तेथे अम्लगट आधीपासून भरपूर आहेत आणि सोडा त्यांना बाहेर काढतो. पण किती काढतो आणि किती नवे करतो, ही सीमारेषा रीतच ठरविते.

आता बागायतदारांच्या दोन कागदांकडे येऊ. मी दोन्ही ठिकाणी पत्र टाकून रीत विचारली. पहिल्यांनी रंग मोजला होता: द्रव पातळ करायचा, त्यातून प्रकाश सोडायचा, किती अडला ते पाहायचे आणि एका प्रमाण नमुन्याशी ताडायचे. आता दोन खाणींच्या लिग्नाइटचा रंग सारख्या वजनाला सारखा नसतो, हा एक दोष. दुसरा त्याहून मोठा: तपकिरी असेल ते सगळे ह्यूमिक धरले जाते. डायक्रोमेटने कर्ब जाळून आकडा काढण्याची एक रीत आहे, तिथेही जळेल तो सगळा कर्ब हिशेबात येतो. दुसऱ्या प्रयोगशाळेने साका पाडून, सुकवून, तोलून, मग तो जाळून राखेचे वजन वजा केले होते. माती तोलात येऊ नये म्हणून. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने खतमालासाठी जी रीत जाहीर केली तीही ह्याच वाटेची आहे. तेव्हा खोटे कोणीच बोलत नव्हते. दोघांनी दोन निराळ्या वस्तू मोजल्या होत्या आणि कागदावर नाव एकच लिहिले होते.

एवढे सांगून मी सुटलो असतो. पण मग फरक इतका मोठा का, हा प्रश्न उरत होता. म्हणून त्या बाटलीतला द्रव आम्ही दोघांनी माझ्या घरच्या टेबलावर ह्याच तऱ्हेने नळीत घेतला आणि अम्लाचे थेंब सोडले. साका बसला, पण थोडा. वरचे पाणी पिवळट व्हायला हवे होते. ते गडद तपकिरीच राहिले. दुसऱ्या दिवशी ते पाणी सोड्याने शमवून आटविले तर चिकट काही उरले आणि त्याला वास आला तो साखर कारखान्याच्या आवारात येतो तसा. मळीचे पाणी अम्लात साका देत नाही. रंग मात्र भरपूर देते. बागायतदार माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हणजे आम्ही मळी पाजली बागेला." मी म्हटले, "काही मळी, काही ह्यूमिक." हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असावा, बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून ह्या मालाला, जैव-उत्तेजक ह्या नावाखाली, कायद्याच्या कक्षेत आणले. ही गोष्ट चांगली झाली. ह्या अम्लाने मुळांची वाढ होते असे कुंडीतल्या प्रयोगांत पुष्कळदा दिसले आहे, शेतात फळ कमी-अधिक मिळते; त्याचा वाद कृषिशास्त्रज्ञांनी करावा, तो माझा प्रांत नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की आपण टक्केवारी विचारता तेव्हा तिच्या पाठोपाठ ती कोणत्या रीतीने काढली हेही विचारा. साका तोलला का? राख वजा केली का? अहवालावर ह्याचे उत्तर लिहिलेले नसेल तर मागून घ्या. पैसे भरलेत, तुमचा तो हक्क आहे. हे गृहस्थ आता तसेच करतात. गेल्या हंगामात एका दुकानदाराने त्यांना पाहून दार लोटून घेतल्याचे ऐकतो. खरेखोटे त्यांनाच विचारा.

घड्याळाकडे पाहता मला थांबायला हवे. मघाशी घोडीवर ठेवलेल्या नळीतला साका आता खाली बसला आहे. वरचे पाणी पिवळसर, जवळजवळ आरपार दिसते आहे. शेजारच्या नळीत मी मुद्दाम मळीचे पाणी घेऊन त्यातही तेवढेच अम्ल घातले आहे. ते होते तसेच आहे. ज्यांना जवळून पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर टेबलापाशी यावे. मुलांना पुढे येऊ द्या, पण नळ्यांना हात लावू नका. त्यांत तेजाब आहे.